हसू नको, जबडा हलतो

मी एका नऊ वर्षांच्या पोरीला एमआरआयच्या मशीनमध्ये हसवलं आणि तिच्या जबड्याची तपासणी वाया घालवली.

हे नोकरीच्या पहिल्या वर्षी घडलं असतं तर 'नवा होतो, शिकत होतो' असं म्हणून सुटता आलं असतं. पण तेव्हा माझ्या डोक्यावरचे केस जवळपास संपले होते आणि अमरावतीतल्या आमच्या सेंटरमध्ये मी सगळ्यांत जुना टेक्निशियन होतो. 'पेशंट हलला की फोटो गेला' हे वाक्य नव्यांकडून मीच घोकून घ्यायचो. त्यामुळे त्या दिवशी नुसता फोटो गेला नाही, त्याच्यासोबत गुरुजीही गेले.

आता रिटायर झाल्यावर लोक म्हणतात, वानखडेभाऊ, एवढी वर्षं मशीनसोबत काढली, काही तरी लिहा. त्यांना वाटतं, मी लोकांचे जीव वाचवल्याच्या गोष्टी सांगीन. जीव डॉक्टर वाचवतात. आमचं काम म्हणजे माणसाला फळीवर झोपवायचं, बोगद्यात सरकवायचं आणि 'हलू नका' म्हणायचं. बाकी सगळं बटणांवर चालतं. 'हलू नका'ला मात्र बटण नाही.

ज्यांच्यावर अजून वेळ आली नाही त्यांच्यासाठी सांगतो. एमआरआय म्हणजे एक मोठं, गोल, पोकळ लोहचुंबक. ते कधीच झोपत नाही. दिवे बंद असोत, सेंटर बंद असो, चुंबक चालूच. लोखंडाची वस्तू घेऊन आत गेलात की ती तुमची राहत नाही. मी अकोल्याला होतो तेव्हा बाळापूरकडचे एक काका कंबरेच्या तपासणीला आले. खिसे रिकामे करा म्हटल्यावर त्यांनी घड्याळ काढलं, किल्ल्या काढल्या, गळ्यातला दोराही काढला. चुन्याची डबी तेवढी मुठीत ठेवली. ती त्यांच्या लेखी सामानात मोडत नव्हती. दारातून दोन पावलं आत आले आणि डबी मुठीतून सुटली ती माझ्या कानाजवळून सणसणत जाऊन मशीनला चिकटली. मी पांढराफटक. काका शांत. म्हणाले, "तुमच्या मशीनले बी तंबाखू लागते काय?"

दुसरी गोष्ट थंडीची. मशीनला थंड ठेवावं लागतं, म्हणून आमच्या खोलीत एसी कायम चालू. अकोल्याच्या मे महिन्यात त्या खोलीला जी इज्जत होती ती कलेक्टरच्या बंगल्यालाही नसेल. एका गृहस्थांची गुडघ्याची तपासणी संपली, मी फळी बाहेर ओढली, तर ते उठायलाच तयार नाहीत. दुसरा गुडघाही दुखून राहिला म्हणाले, तोही करून टाका, सावकाश करा.

तर अशा लोकांशी बोलायचं माझ्याकडे एक साधन होतं: माइक. पेशंट आतल्या खोलीत, मी काचेपलीकडे. दोन फोटोंच्या मधे बटण दाबून त्याला धीर द्यायचा. बाकीचे टेक्निशियन 'झालं हं, थोडंच राहिलं' एवढं बोलून बटण सोडायचे. मी सोडत नसे. माझी बायको म्हणते, तुम्हाला पगार माइकचा होता, मशीन वरकड होती. घरी मला कोणी एवढं पडून, न हलता, मधे न बोलता ऐकलं नाही, हेही खरं.

जबड्याच्या सांध्याशी माझी ओळख उशिरा झाली. आमच्याकडे डॉ. तायडे मॅडम रेडिओलॉजिस्ट म्हणून आल्या. म्हणजे फोटो मी काढायचा आणि त्यात काय दिसतं ते त्यांनी सांगायचं. आल्या आल्या त्यांनी संधिवात असलेल्या एका मुलाचे जबड्याचे दोन्ही सांधे बघायचे म्हणून सांगितलं. मी मान डोलावली. मान डोलावणं हा माझा जुना रोग आहे. आमच्याकडे कॉइल नावाची वस्तू असते. ती म्हणजे मशीनचा कान, ज्या जागेचा फोटो पाहिजे तिथे बांधायचा. मी ती त्या मुलाच्या गालांवर, दाढ दुखल्यावर आपण हात ठेवतो तिथे, छान बांधली. दाढांचे सुरेख फोटो आले. मॅडमनी ते पाहिले आणि विचारलं, "वानखडे, दातांचा दवाखाना टाकायचा विचार आहे का?"

मग त्यांनी माझंच बोट माझ्या कानासमोर ठेवलं आणि तोंड उघडा-मिटा म्हणाल्या. तुम्हीही करून पाहा. कानाच्या छिद्रापुढे बोटाखाली काही तरी पुढे-मागे सरकतं. तोच तो सांधा. एवढी वर्षं मी त्याच्यावर एवढा भार टाकला, पण कधी चौकशी केली नव्हती.

संधिवात म्हातारपणी होतो असं मीही समजायचो. लहान लेकरांनाही होतो, आणि तो झिजेचा नसतो. अंगातले पहारेकरी आपल्याच घराला चोराचं घर समजून झोडपत सुटतात, असं मॅडम समजावून सांगायच्या. गुडघा सुजला की आईबापाला दिसतो, पोर लंगडतं, बोट वाकडं होतं. जबड्याचा सांधा मात्र लबाड. बाहेरून सूज दिसत नाही आणि पुष्कळदा दुखतही नाही. लेकरू आपलं आपण एका बाजूने चावायला शिकतं, भाकर दुधात कुस्करून खातं, आणि घरचे म्हणतात, लाडावलंय. पण खालचा जबडा वाढतो तो या सांध्यापासून. तिथे आग धुमसत राहिली तर हनुवटी मागेच राहते किंवा एका अंगाला जाते. एक्स-रेमध्ये ते दिसतं, पण हाड खाल्लं गेल्यावर. म्हणजे घर जळाल्यावरचा पंचनामा. धूर निघतोय तोवर बघायचं असेल तर एमआरआयच.

त्यातही एक गोम आहे. शिरेतून एक औषध सोडतात. सांध्याचं अस्तर सुजलेलं असेल तर ते हे औषध लगेच पितं आणि फोटोत पांढरं चमकतं. मात्र जरा उशीर झाला की औषध झिरपून सांध्यातल्या पाण्यात उतरतं आणि सगळंच पांढरं होतं. पांढऱ्या सदऱ्यावर वरणाचा थेंब पडतो तेव्हा डाग कुठे आहे ते नेमकं दाखवता येतं; ओल्या हाताने पुसत बसलं की अख्खी छातीच पिवळी. तसंच हे. औषध गेलं की लगेच, अजिबात न हलता फोटो. चुकलं तर त्या दिवशी पुन्हा देता येत नाही. लेकराला परत बोलवायचं आणि परत सुई टोचायची.

एवढं ज्ञान असलेल्या माणसाने पुढे काय केलं ते आता सांगतो.

संबोधी इंगळे अकोटची. वडील एसटीत कंडक्टर, आई घरी ब्लाउज शिवायची. पोरीचा गुडघा लहानपणापासून सुजायचा, त्यावर गोळ्या चालू होत्या आणि गुडघा आता बऱ्यापैकी ताब्यात होता. त्या वर्षी शाळेच्या गॅदरिंगमध्ये तिचा नाच होता. आई तिला लिपस्टिक लावत होती. तोंड उघड म्हणाली, आणि उघडताना हनुवटी डावीकडे गेली. आईला वाटलं, पोरगी वेडावून दाखवते आहे. एक धपाटा घातला. दुसऱ्यांदा उघडायला लावलं, पुन्हा डावीकडेच. शिवणकाम करणारी बाई. वाकडी शिवण तिच्या नजरेतून सुटते थोडीच. संधिवाताच्या डॉक्टरांनी सांगितलं की आत दाह चालू असेल तर गोळ्या पुरणार नाहीत, इंजेक्शनचं जोरकस औषध सुरू करावं लागेल, आणि नसेल तर पोरीला उगाच ते द्यायचं नाही. काय आहे ते एमआरआय सांगेल.

म्हणजे सगळं त्या फोटोवर होतं, आणि फोटो माझ्यावर.

दर्यापूरमार्गे एसटीने तिघं आले. इंगळे दिवसभर गाडीत ओरडून ओरडून घसा बसलेला माणूस. ड्यूटी नसली की बोलतच नसत. बोलायचं काम आईकडे. ती पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती, "साहेब, तिले दुखत नाई न. दुखलं असतं तं आमी कवाच आणलं असतं." संबोधी माझ्याकडे पाहत होती. मी तिला मशीन दाखवली, आवाज कसा येतो ते तोंडाने करून दाखवलं, घाबरल्यास दाबायचा रबरी चेंडू हातात दिला. तोंड मिटून फोटो झाले. मग दातांमध्ये सुई नसलेली प्लास्टिकची सिरिंज आडवी धरून तोंड उघडं ठेवायचं, तेही तिने पोलादी हिमतीने केलं. आमच्या धंद्यात तोंड उघडं ठेवायला सिरिंजच वापरतात. स्वस्त, स्वच्छ आणि चुंबकाला तिच्यात रस नसतो.

मग सुई आली आणि पोरगी रडली. आवाज न करता, डोळ्यांतून नुसतं पाणी. औषध गेलं. मी काचेपलीकडे पळालो. फोटो सुरू करायला बटण दाबायचं, एवढंच काम होतं. पण मला ते रडणं पाहवेना आणि माझा हात आधी माइकच्या बटणावर गेला.

मी तिला अकोटच्या स्टँडवरची माझी फजिती सांगितली. अकोल्याला जायचं होतं, गर्दी ही एवढी. एक गाडी आत येताना दिसली, मी धावत जाऊन खिडकीतून रुमाल टाकला, जागा धरली, मागच्या दाराने चढलो आणि ऐटीत बसलो. गाडीत दुसरं कोणीच चढेना. मी मनात म्हटलं, लोक किती आळशी. गाडी निघाली, स्टँडच्या मागे वळली आणि डेपोच्या धुण्याच्या जागेवर जाऊन उभी राहिली. मी खिडकी लावायच्या आत पाण्याचा फवारा आला. रुमालासकट मी धुऊन निघालो. धुणारा माणूस म्हणाला, "भाऊ, ही गाडी अकोल्याले नाई जात, पण तुमी सोच्छ होऊन गेले."

दुसऱ्या कोणा पोराला ही गोष्ट सांगितली असती तर ते हुं म्हणालं असतं. ही कंडक्टरची पोरगी. डेपोत वाढलेली. धुवायला चाललेल्या गाडीत चढणारा माणूस तिच्यासाठी विनोदाचं शिखर होतं. ती हसली. मला बरं वाटलं, मी फोटो सुरू केला. ती थांबली असेल असं मी धरून चाललो. लहान मुलाचं हसू एकदा येऊन जात नाही, हे दोन पोरांचा बाप असून मी विसरलो. ते आठवून आठवून परत येतं. आत मशीन ठकठक करत होती आणि पोरगी दात मिटून खुदखुदत होती. कॉइलमुळे तिचा जबडा काचेतून दिसत नव्हता, आणि खरं सांगायचं तर मी स्वतःही हसत होतो.

फोटो आले. जबडा नव्हताच त्यात. पाण्यात दगड टाकल्यावर जशा लाटा उठतात तशा लाटा होत्या. पुन्हा घेतला, तोही तसाच. तिसरा स्थिर आला, पण तोवर वरणाचा डाग सगळीकडे पसरला होता.

तायडे मॅडम आल्या, पडद्याकडे पाहिलं, काय झालं विचारलं. मी म्हणालो, पेशंट हलला. आमच्या धंद्यातलं हे सगळ्यांत जुनं छत्र आहे. त्याखाली कोणीही उभं राहतं. पण बाहेरच्या बाकावर संबोधी आईला अगोदरच सगळं सांगत होती, मोठ्याने, फवाऱ्याच्या आवाजासकट. मॅडमनी ते दारातून ऐकलं, मग माझ्याकडे पाहिलं.  

इंगळ्यांना काय झालं ते मॅडमनी स्वतः सांगितलं, काहीही न झाकता. आईने ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळली. "आमी तिले चार दिस समजावून समजावून आणलं," ती म्हणाली, "अन् तुमी तिले हसवून राह्यले."  परत यावं लागेल, परत सुई लागेल हे कळल्यावर संबोधीचं हसू गेलं. ती नाही येत म्हणाली. हवं तर काकालेच टोचा, असाही पर्याय तिने दिला.

पुढचे काही दिवस माझी झोप बरी नव्हती. चुका सगळ्यांच्या होतात, माझ्या तर घाऊक. पण एरवी त्या माझ्याच अंगावर पडायच्या. या वेळी मी हसवलं आणि भोगायचं त्या पोरीने. ती आलीच नाही तर? डॉक्टर अंदाजाने किती दिवस काढणार? आणि आत खरंच धुमसत असेल तर प्रत्येक आठवड्याला तिच्या हनुवटीचं काय होत असेल, हे मला मॅडमनीच शिकवून ठेवलं होतं.

मॅडमनी मला एक काम दिलं. एका दुपारी पेशंट नव्हते. त्या म्हणाल्या, वानखडे, तुम्ही झोपा. कॉइल बांधून, सिरिंज दातात धरून मी आत गेलो. बाहेरून हजारो लोकांना 'काही नसतं हो' म्हणून सांगितलं होतं. आत असतं. लाळ घशाकडे जाते, नाकाच्या शेंड्यालाच खाज येते, आणि तोंड उघडं धरलं की गिळायचं कसं हेच आठवत नाही. मी हे सगळं महत्त्वाचं निरीक्षण तिथूनच सांगायला लागलो. सिरिंजमधून जे बाहेर पडलं ते म्हशीच्या हंबरण्यासारखं होतं. माइकवर मॅडमचा आवाज आला, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुम्ही काय म्हणता ते मला कळत नाहीये. फार शांत वाटतंय."

पण त्यातून कामाचं निघालं. मी संबोधीच्या आईला फोन केला. तिने आधी उचललाच नाही, मग इंगळ्यांनी उचलला. मी म्हटलं, घरीच सराव करू. एक कोरी सिरिंज पाठवतो, ती दातात धरून पोरीला फळीवर निजवा, शेजारी ताट बडवा, तसाच आवाज असतो. गिळायचं असेल तर फोटोच्या मधे, चालू असताना नाही. अडचण एवढीच की फोटो कधी चालू आणि कधी थांबला हे तिला आत कसं कळावं. मी बोललो तर ती मला उत्तर देणार, नाही तर हसणार.

  मग इंगळे बोलले. त्यांचं एवढं लांब बोलणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. "साहेब, माहं अन् ड्रायव्हरचं दिवसभर बोलनंच नसते. एक टिंग म्हनजे थांब. दोन टिंग म्हनजे चाल. गाडी रोज जाते, रोज येते. बोल्याचं काय काम आहे?"

त्यांच्या पोरीला घंटीची भाषा पाळण्यापासून येत होती. रोज संध्याकाळी घरात गाडी सुटू लागली. आई ताट बडवायची, बाप वाटीवर चमचा मारायचा. शेजारच्यांना वाटलं, इंगळ्यांच्या घरी ग्रहण सुटत नाही. सुईचं मात्र कोणी समजावलं नाही. ते आईने एकटीने, मला माहीत नाही कसं, निभावलं. एका सकाळी फोन आला की पोरगी तयार आहे, पण एक अट आहे: काकाने बोलायचं नाही.

त्या दिवशी काचेपलीकडे चौघं होतो. मॅडम, इंगळे, मी, आणि कँटीनमधून आणलेला स्टीलचा पेला-चमचा. घंटी वाजवायचं काम मला मिळेल असं वाटत होतं. मॅडमनी पेला इंगळ्यांपुढे ठेवला. मी फक्त बोट वर करायचं आणि मशीनचं बटण दाबायचं. माइक त्यांनी उचलून स्वतःच्या बाजूला घेतला; टिंगचा आवाज आत जावा म्हणून त्याचं बटण त्याच दाबणार होत्या.

मी बोट वर केलं. इंगळ्यांनी पेल्यावर एकदा मारलं: टिंग. आत पोरगी दगड झाली. मशीन ठोकत राहिली, थांबली. टिंग टिंग. आत छाती हलली, पोरीने आवंढा गिळला, पाय जरासा सैल झाला. असं चाललं. माणूस असा वाजवत होता की वाटावं पुढे खरंच रस्ता आहे. सुईच्या वेळी आई आत गेली होती. मंगळसूत्र बाहेर काढून ठेवून, पोरीचा घोटा धरून उभी. औषध गेलं. पोरीचे डोळे भरले. माझ्या घशाशी एक नवी कोरी गोष्ट आली होती, परतवाड्याची, बकरीची. मी ती गिळली. बोट वर केलं.

टिंग.

फोटो उमटू लागले. लखलखीत, सुरीने कापल्यासारखे. मला आनंद झाला आणि लगेच थांबला, कारण डाव्या सांध्याभोवती एक पांढरी कड चमकत होती. चंद्राला खळं पडावं तशी. उजवीकडे नव्हती. मॅडम पुढे वाकल्या. इंगळ्यांनी चमचा हातात धरूनच विचारलं, हे पांढरं कायचं.  गाडी थांबवायची की चालवायची, हे त्या एका घडीला त्यांनाही कळेना.

नंतर मॅडमनी दोघांना बसवून दाखवलं. दाह आहे, डाव्या बाजूला, न दुखताही आहे. आईने विचारलं, आमाले उशीर झाला काय. मॅडमनी हाडाची कड बोटाने दाखवली. ती अजून गुळगुळीत होती, कुठे खाल्लेली नव्हती. म्हणाल्या, तुम्ही लिपस्टिक लावताना पाहिलंत म्हणून वेळेत आहे. आई रडली नाही. तिने मंगळसूत्र घातलं, पदर नीट केला आणि म्हणाली, मंग औषध कवा सुरू करता. मी मागे भिंतीला टेकून होतो.  माझ्या पराक्रमाने गेलेले आठवडे त्या हाडाने सोसले होते.

एक रुखरुख मात्र आहे. मॅडम यायच्या आधीच्या वर्षांत मी संधिवाताच्या कितीतरी लेकरांच्या गुडघ्यांचे, घोट्यांचे फोटो काढले. सुंदर काढले. पण त्यांच्या तोंडाकडे पाहावं असं मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. आजही अकोल्याला गेलो की झेरॉक्सच्या दुकानात किंवा रसवंतीवर एखाद्या तरुणाची हनुवटी आत गेलेली दिसते आणि मी उगाच त्याच्याकडे पाहत राहतो. ती जन्मजातही असेल. तो मला 'काय पायजे' विचारतो आणि मी नको असलेली झेरॉक्स काढून घरी येतो.

संबोधीला नवं औषध सुरू झालं. ते चालू असताना पुढची तपासणी ठरली तेव्हा माझी नोकरी संपत आली होती. तिघं आले. पोरगी उंच झाली होती. पेला-चमचा यंदाही बाहेर निघाला आणि इंगळे न सांगता खुर्चीवर बसले. फोटो आले. डावीकडची कड शोधावी लागली. होती, पण विझत आलेल्या काडीसारखी. मॅडम म्हणाल्या, औषध लागू पडलंय, चालू ठेवायचं. इंगळ्यांनी चमचा खाली ठेवला आणि, ज्याची गरज नव्हती, अशा दोन टिंग मारल्या.

बाहेर बाकावर त्यांनी शिदोरी सोडली. पिशवीत पेरू होते, आमच्याकडे ज्याला जांब म्हणतात ते, हिरवे, टणक. संबोधीने एक उचलला. आईने सवयीने पर्समधला चाकू काढला, फोडी करून द्यायला. दाह निघाल्यापासून तिने पोरीला कडक काहीच अख्खं दिलं नव्हतं. चाकू उघडायच्या आत पोरीने तोंड उघडलं. हनुवटी अजून जराशी डावीकडे गेली, पण गेली तेवढीच. तिने जांबात दात रोवले आणि कर्रकन एक मोठा लचका तोडला. आई चाकू धरून तशीच बसली. इंगळे खिडकीबाहेर बघायला लागले. तिथे पार्किंगशिवाय काही नव्हतं.

दुसरा जांब पोरीने माझ्यापुढे धरला. माझे समोरचे दात नकली आहेत आणि डेंटिस्टने कडक वस्तू चावायला मनाई केली आहे. ते सांगायला मी तिच्याजवळ बसलो. मग ते दात कसे गेले ते सांगितलं, त्यात तिवश्याचं एक लग्न होतं, पंगत होती, माझा एक साडू होता, मग डेंटिस्टकडची गर्दी, मग कवळीचं माप. संबोधी कर्रकर्र चावत सगळं ऐकत होती. जांब संपला तरी माझं चालूच होतं. तिने हात फ्रॉकला पुसले, माझ्यापुढचा जांब उचलून परत पिशवीत ठेवला आणि आईला म्हणाली,

"चाल व माय. काकाचं तोंड नुसतं बोल्याच्याच कामाचं हाय."